भाजणी आईंची, मोल कोणाचं?

ऐरोलीच्या एका बी. कॉम.च्या विद्यार्थ्याने लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याची आई आणि तिच्या चार मैत्रिणी मिळून थालीपीठ भाजणी, उपासाची भाजणी आणि मेतकूट करतात. माल चांगला आहे, खाणारे नावाजतात, पण खप तिथल्या तिथेच आहे. मुलाच्या पुस्तकात लिहिलंय की मार्केटिंगमुळे वस्तूची उपयुक्तता आणि मूल्य वाढतं. त्यावर आईंचं म्हणणं, 'भाजणीत जे काही आहे ते आम्ही घातलंय. मार्केटिंगवाला त्यात काय घालणार? तो फक्त पन्नासचे ऐंशी करणार.' मुलाला आईंचं पटतंय आणि परीक्षेत मात्र पुस्तकाचं लिहायचंय. बरोबर कोण?

दोघंही, पण आईंचं जरा जास्त ऐकायला हवं. त्यांच्याकडे नंतर येतोच. पुढचं सगळं त्या विद्यार्थ्यालाच उद्देशून.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. १९९७ मध्ये एका मसाला कंपनीचा सेल्समन म्हणून ठाण्यात लागलो. नौपाडा, कोपरी, कळवा ही माझी बीट, म्हणजे फिरतीचा ठरलेला भाग. दुकानदाराच्या काउंटरवर डायरी ठेवून 'शेठ, आज काय टाकू?' विचारायचं आणि 'आधीचाच पडलाय' हे उत्तर ऐकायचं, यात पहिली सहा वर्षं गेली. मग नवी मुंबईचं वितरण बघितलं, आणि गेली दहा-बारा वर्षं छोट्या गृहउद्योगांना माल बाजारात लावायला मदत करतो. पुस्तकं मी उशिरा वाचली. वाचल्यावर कळलं की काउंटरवर जे रोज दिसत होतं त्यालाच पुस्तकात नाव दिलंय.

'उपयुक्तता' हा शब्द घाबरवणारा आहे, अर्थ साधा आहे. एखाद्याची गरज भागवायची वस्तूत जी ताकद असते ती उपयुक्तता. आता विचार करा, तुमच्या घरी डब्यात पाच किलो भाजणी भरून ठेवली आहे. वास सुंदर, भाजलीय खरपूस. पण घोडबंदर रोडला राहणाऱ्या आणि रात्री साडेआठला दमून घरी पोचणाऱ्या बाईसाठी त्या भाजणीची उपयुक्तता किती? शून्य. ती भाजणी तिच्याजवळ नाही, असते हे तिला माहीत नाही, आणि माहीत असती तरी पाच किलो तिला नकोत. ती शून्यापासून तिच्या तव्यापर्यंत न्यायची, एवढंच मार्केटिंगचं काम. पुस्तकात याचेच तुकडे करून रूप, स्थळ, काळ, ताबा आणि माहिती अशा पाच उपयुक्तता सांगतात. परीक्षेत पाची लिहा. धंद्यात त्या अशा रांगेत उभ्या राहून येत नाहीत, एकमेकींत मिसळलेल्या असतात.

'बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं' असं आपल्याकडे म्हणतात. या म्हणीने छोट्या उत्पादकांचं फार नुकसान केलंय असं माझं मत आहे. सगळ्यांना वाटतं मार्केटिंग म्हणजे बोलणं. मग ज्याला बोलता येत नाही तो कोपऱ्यात बसतो आणि ज्याला येतं तो नुसतं बोलतो. प्रत्यक्षात या कामात बोलणं सगळ्यात कमी. निवडणं, तोलणं, वाहून नेणं, साठवणं, वेळेवर पोचवणं आणि गिऱ्हाईक काय पुटपुटतंय ते ऐकणं, हे जास्त.

पटत नसेल तर एखाद्या पहाटे तुर्भ्याला एपीएमसीच्या, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या, कांदा-बटाटा मार्केटमध्ये जाऊन या, ऐरोलीहून फार लांब नाही. लासलगावकडून आलेला कांदा शेतकऱ्याने पिकवला, त्यात व्यापाऱ्याने एक पाकळीही वाढवली नाही. तरी बघा काय काय झालंय. उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवून पुढे ऑक्टोबरपर्यंत खाल्ला जातो. ती चाळ नसती तर मे महिन्यात कांदा रस्त्यावर आणि सप्टेंबरात पानात नाही. साठवणीत वजन घटतं, काही माल सडतो, आणि ती तूट कोणीतरी सोसलेली असते. मग प्रतवारी होते. मोठा कांदा वेगळा, गोल्टी म्हणजे छोटा कांदा वेगळा. हॉटेलवाल्याला एकसारखा मोठा कांदा हवा, कारण त्याचा सोलणारा माणूस तासावर आहे. भाजीला अख्खे छोटे कांदे घालणाऱ्याला गोल्टीच बरी. मिसळलेल्या ढिगात दोघांनाही हवं ते नव्हतं, वेगळं केल्यावर दोघांनाही मिळालं. नवा कांदा जन्माला आला नाही, उपयुक्तता मात्र आली. आता या साखळीत कोणी किती कापून घेतो, शेतकऱ्याच्या हातात किती उरतं, यावर भांडण आहेच आणि ते रास्त भांडण आहे. पण 'मधल्यांनी काहीच केलं नाही' हे खरं नाही.

आता भाजणीकडे येतो. नौपाड्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगतो, त्यांची भाजणी तुमच्या आईंसारखीच. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरं, प्रत्येक धान्य वेगळं भाजलेलं. गावदेवी मार्केटजवळच्या एका दुकानात मी ती ठेवून दिली. पहिल्या महिन्यात बावीस पाकिटं गेली, दुसऱ्या महिन्यात पाच. दुकानदार म्हणाला, 'माल फिरत नाही, उचला.' काकू रडवेल्या झाल्या. त्यांना वाटलं चवीत काही कमी पडलं.

मी दुकानदाराकडून आठवेल तेवढ्या गिऱ्हाइकांची नावं घेतली. बहुतेकजणी आसपासच्याच होत्या, दोन-तीन जणींना भेटलो. एकीने ते पीठ डोशासारखं पातळ करून ओतलं होतं. ते तव्याला चिकटलं, तिने खरवडून फेकलं. दुसरीने घट्ट मळून पोळीसारखं लाटायचा प्रयत्न केला, कडा फाटल्या. तिसरी म्हणाली, 'आमच्या सासूबाई करायच्या हो, मला फक्त खायला येतं.' ही तिसरी तर नौपाड्यातल्याच जुन्या मराठी घरातली. भाजणी उत्तम होती. पण गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात ज्ञान तुटलं होतं. सासूकडून सुनेकडे जे जायला हवं होतं ते गेलं नव्हतं, आणि काकू गृहीत धरून बसल्या होत्या की थालीपीठ कोणाला येत नाही?

आम्ही एकच गोष्ट केली. पाकिटाच्या मागे सहा ओळी छापल्या. एक वाटी भाजणीला एक मध्यम कांदा बारीक चिरून, तिखट, मीठ, कोथिंबीर. कोमट पाणी साधारण पाऊण वाटी, पण एकदम ओतू नका. ओल्या फडक्यावर थापा. मधोमध भोक पाडा, भोकात आणि कडेने तेल सोडा, झाकण ठेवा, मंद आच. बस. भाजणीत चिमूटभरही बदल केला नाही. चार महिन्यांत त्या दुकानातली विक्री महिन्याला साठ पाकिटांवर गेली आणि एका अमराठी बाईंनी सोसायटीतल्या बाकीच्यांसाठी म्हणून दहा एकदम नेली.

तुमच्या आईंना विचारा, त्या सहा ओळींत भाजणीचं मोल होतं की नव्हतं? पुस्तक याला माहितीची उपयुक्तता म्हणतं. मी म्हणेन, सासूबाईंची जागा पाकिटाने घेतली.

जागेचा विषय निघाला की मला ठाणे स्टेशन आठवतं. सकाळी आठला स्टेशनकडे पळणारा माणूस काही म्हणजे काही घेत नाही. त्याच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात डबा, डोळे इंडिकेटरवर. तोच माणूस संध्याकाळी उतरतो तेव्हा त्याला 'घरी जाताना काय नेऊ' हा प्रश्न पडलेला असतो. म्हणून स्टेशनबाहेर उतरणाऱ्यांच्या वाटेवरचं दुकान आणि चढणाऱ्यांच्या वाटेवरचं दुकान, अंतर वीस पावलांचं असलं तरी, दोन वेगळ्या गावांत असल्यासारखी असतात. मी एकदा मेतकुटाचं छोटं पाकीट दोन्हीकडे ठेवलं होतं. चढणाऱ्या वाटेवर आठवड्याला दोन-तीन, उतरणाऱ्या वाटेवर रिक्षाच्या रांगेला लागून असलेल्या दुकानात रोज चार-पाच. रांगेत उभ्या माणसाला दहा मिनिटं काही करायचं नसतं, तो वाचतो. पाकीटसुद्धा वाचतो.

नवी मुंबईत हे गणित चालत नाही, आणि तुम्ही ऐरोलीत आहात म्हणून हे मुद्दाम सांगतो. ठाणे गावासारखं वाढलं, गल्लीबोळातून माणूस दुकानासमोरूनच जातो. नवी मुंबई सिडको या सरकारी महामंडळाने आखली. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. सेक्टर, रुंद रस्ते, प्रत्येक सेक्टरची ठरलेली दुकानं. दिसायला छान, पण पायी जाता जाता काही दिसावं आणि घ्यावं अशी वाट कमी. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लाइन सुरू व्हायच्या आधी ऐरोली-घणसोलीची बरीच कुटुंबं महिन्याचं सामान भरायला बसने ठाण्याच्या जांभळी नाक्यावर यायची. पिशव्या घेऊन बसच्या दारात उभ्या बायका मला अजून दिसतात. आता तीच कुटुंबं खाली उतरायलाही तयार नाहीत. तिथे दुकान म्हणजे सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. तुमच्या आईंनी ऐरोलीतल्या पाच दुकानांत माल ठेवण्यापेक्षा पाच सोसायट्यांत एकेक ओळखीची ताई धरावी, दर शनिवारी ऑर्डर घ्यावी, रविवारी सकाळी अकराच्या आत गेटवर पोचवावी. अकराच्या आत, कारण रविवारी त्यानंतर कोणी नाश्त्याचा विचार करत नाही.

यातून वेळेचा विषय आपोआप आला. उपासाची भाजणी करता ना? मग तुम्हाला हे सगळ्यांपेक्षा नीट कळेल. एका बचत गटाने नवरात्रासाठी चाळीस किलो उपासाची भाजणी केली. वरई, साबुदाणा, राजगिरा, सगळं नीट. माल दुकानात पोचला घटस्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी. गटातल्या बायकांचं काही चुकलं असं त्यांना आजही वाटत नाही, कारण नवरात्र अजून सहा दिवस बाकी होतं. पण उपास करणारं घर घटस्थापनेच्या आधीच आठवडाभर सामान भरतं. तीस किलो परत आली. तीच भाजणी, तेच दुकान, तेच गिऱ्हाईक, दहा दिवस आधी असती तर संपली असती. आषाढीला, श्रावणी सोमवारला, महाशिवरात्रीला हाच हिशेब. आणि पावसाळ्यात धुतलेलं धान्य वाळत नाही हे आईंना मी सांगायला नको, म्हणजे आषाढी-श्रावणाचं धान्य उन्हं असतानाच धुऊन, वाळवून, हवाबंद ठेवलेलं हवं. दळण मात्र ताजं. घरच्या बाईला हे सगळं ठाऊक असतं, फक्त तिने त्याला कधी मार्केटिंग म्हटलेलं नसतं.

रूपाबद्दल थोडक्यात. तुम्ही एक किलोचं पाकीट करता असं लिहिलंय. का? चक्कीवर किलोत दळतात म्हणून? दोन माणसांच्या घरात किलोभर भाजणी संपेपर्यंत इथल्या दमट हवेत तिला वास येतो किंवा किडे होतात, आणि शिव्या तुम्हाला बसतात. २०० ग्रॅमचं पाकीट करा. मध्यम आकाराची चारेक थालीपीठं होतात, एका रात्रीचा प्रश्न सुटतो. १९८३ मध्ये तमिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पू छोट्या पुडीत आणला तेव्हा शाम्पू नवा नव्हता. बाटलीचे पैसे एकदम काढू न शकणाऱ्या माणसासाठी मात्र तो पहिल्यांदाच 'आपला' झाला. तुमच्या गिऱ्हाइकाकडे पैसे आहेत. तिच्याकडे खात्री नाही, आणि २०० ग्रॅममध्ये चुकलं तरी फार गेलं नाही असं तिला वाटतं. पाकीट मात्र जाड, झिपचं घ्या. चार रुपये वाचवायला पातळ पिशवी घेऊन स्टेपल मारू नका, खाण्याच्या वस्तूत स्टेपलची पिन सापडली की विषय संपला.

ताबा म्हणजे वस्तू हातात येणं, आणि त्यासाठी पैसे देण्या-घेण्याचं पूर्वी मोठं प्रकरण होतं. वाण्याची उधारीची वही हीसुद्धा उपयुक्तताच होती, कारण एक तारखेला पगार आणि वीस तारखेला डाळ संपलेली, यामधलं अंतर ती वही भरून काढायची. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून सुट्ट्याचा प्रश्न मिटला. तुमच्या पाचही जणींपैकी एकीच्या नावावर क्यूआर असेल तर हिशेबाची वही रोजच्या रोज लिहा, नाहीतर भाजणीपेक्षा भांडण जास्त भाजलं जाईल.

आता आईंचा खरा आक्षेप, पन्नासचे ऐंशी. हा हिशेब मी बायकांसमोर नेहमी कागदावर मांडतो. आकडे समजुतीसाठी घेतोय, तुमचे तुम्ही घाला. २०० ग्रॅम पाकिटाला धान्य, भाजणं, दळण, पाकीट, लेबल आणि तुमची मजुरी धरून खर्च ४५ रुपये. छापील किंमत ८०. आईंना दिसतं की मधले ३५ कोणीतरी खाल्ले. छोट्या घरगुती मालाला दुकानदार साधारण २० ते ३० टक्के मागतो हा माझा अनुभव आहे. २५ टक्के धरले तर त्याचे २० रुपये. रिक्षा-टेम्पोचे ५. नमुने वाटले, चार पाकिटं मुदत संपून परत आली, त्याचे पाकिटामागे ४. उरले ६, तो तुमचा नफा. दुकानदाराने २० रुपयांत काय दिलं? फळीवर जागा, दिवसभर उघडं दुकान, पडून राहायची जोखीम, आणि 'ताई, ही भाजणी चांगली आहे' हे एक वाक्य. हे सगळं तुम्ही करून २० रुपये वाचवू शकता. मग आईंनी सोसायटीच्या गेटवर उभं राहिलेले तीन तास हिशेबात धरा. धरत नाही ना कोणी? आमच्याकडच्या गृहउद्योगांची निम्मी दुखणी त्या न धरलेल्या तासांची आहेत.

मात्र आईंच्या म्हणण्यात एक खरी खोच आहे आणि ती पुस्तकात सापडत नाही. भाव वाढला म्हणजे मोल वाढलंच असं नाही. मार्केटिंग मोल वाढवतं तसं चोरूही शकतं.

हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. एका कंपनीत असताना, नाव जाऊ द्या, आम्ही हळदीचं १०० ग्रॅमचं पाकीट ८५ ग्रॅमचं केलं. पाकिटाचा आकार तोच, रंग तोच, किंमत तीच. वजन नियमाप्रमाणे छापलं होतं, कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती. मीटिंगमध्ये म्हणालो, 'कोणाच्या लक्षात येणार नाही.' दोन महिन्यांनी कळव्याच्या एका दुकानात आजीबाई उभ्या होत्या. दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवलं, 'हा कंपनीचा माणूस, यालाच विचारा.' आजी म्हणाल्या, 'माझा हळदीचा डबा तुमच्या पाकिटाने काठोकाठ भरायचा. आता दोन बोटं रिकामा राहतो. डबा वाढला का माझा?' मी काहीतरी कच्च्या मालाच्या भाववाढीचं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेजारचं दुसऱ्या कंपनीचं पाकीट उचललं. वीस वर्षं त्या घराने आमची हळद वापरली होती. भाव पाच रुपयांनी वाढवून 'वाढवलाय' असं सांगितलं असतं तर त्यांनी कुरकुर करून घेतलं असतं, असं मला आजही वाटतं.

हापूसचं तसंच. मार्च-एप्रिलमध्ये वाशीच्या फळ मार्केटमध्ये पेट्यांच्या थप्प्या लागतात. आंबा कुठलाही असो, पेटीत वर्तमानपत्र कोकणातलं आणि वर नाव देवगडचं, ही युक्ती जुनी. गिऱ्हाईक फसलं की पुढच्या वेळी ते खऱ्या बागायतदारालाही खोटंच समजतं, म्हणजे एकाची लबाडी दुसऱ्याच्या आंब्याचं मोल खाते. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे माल ठरावीक भागातलाच असल्याची कायदेशीर ओळख, मिळालं ते याचसाठी. आंब्याची गोडी मानांकनाने वाढत नाही. पेटी उघडायच्या आधी विश्वास ठेवता येतो, आणि पेटी उघडायच्या आधीच पैसे द्यायचे असतात ना.

म्हणून तुमच्या लेबलावर 'मधुमेह बरा करते' वगैरे चुकूनही लिहू नका. तुमच्या भावाने तसं सुचवल्याचं तुम्ही लिहिलंय. १९५४ च्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात मधुमेहाचं नाव आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाचं सोडा, ते खोटं आहे. भाजणीत पाच धान्यं-डाळी आहेत, भाजून दळलेल्या आहेत, मैदा नाही, एवढं खरं लिहिलं तरी पुरे. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याची तारीख, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी नंबर, हे सगळं ठळक छापा. बायका याला सरकारी कटकट समजतात. नवीन गिऱ्हाईक पाकीट उलटं करून नेमकं तेच बघतं.

एक प्रकार मात्र मला अजून नीट ठरवता आलेला नाही. दिवाळीला तीच चकली, तोच चिवडा छान खोक्यात घालून दीडपट भावाने विकतात. हे मोल खरं की फुगवलेलं? आधी मी फुगवलेलं म्हणायचो. मग एकदा बहिणीकडे भाऊबीजेला पारदर्शक पिशवीतला चिवडा घेऊन गेलो आणि भाच्याने तो हॉलमधून थेट आत नेऊन ठेवला. देण्याची वस्तू आणि खाण्याची वस्तू या दोन वेगळ्या वस्तू असतात हे तेव्हा कळलं. खोक्यात चिवडा किती आहे ते झाकलं नसेल, तर खोक्याचे पैसे घ्यायला माझी हरकत नाही. तळाशी पुठ्ठ्याचा उंचवटा करून वर चार चकल्या मांडणाऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये.

तुमच्यासाठी सांगायचं तर सगळं एकदम करू नका. मेतकूट सध्या बाजूला ठेवा. थालीपीठ भाजणी, २०० ग्रॅम, ऐरोलीतल्या तीन सोसायट्या, तीन महिने. कोणी पुन्हा घेतलं आणि कोणी नाही याची वही ठेवा, आणि ज्यांनी पुन्हा घेतलं नाही त्यांना आईंनी नाही, तुम्ही फोन करा. आईंना लोक खरं सांगणार नाहीत, 'छान होती हो काकू' म्हणतील.

आणि पाकिटामागच्या कृतीच्या ओळी आईंना लिहू देऊ नका. त्या 'अंदाजाने पाणी' लिहितील. त्या सांगतील तसं तुम्ही लिहा, मग ज्याने आयुष्यात थालीपीठ केलं नाही अशा माणसाला, म्हणजे बहुधा तुम्हालाच, ते वाचायला देऊन ओट्याशी उभं करा. आईंना बाहेरच्या खोलीत बसवा आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही असं बजावा. त्या आतून 'अरे थांब' म्हणाल्या तर तिथेच कागदावर ओळ कमी पडलीय असं समजायचं. नौपाड्याच्या काकूंना चार मसुदे लागले. तिसऱ्या मसुद्यात 'झाकण ठेवा' राहून गेलं होतं. त्यांचे जावई उघड्या तव्यासमोर हातात उलथणं घेऊन उभे, थालीपीठ वरून पांढरंच, आणि काकू बाहेर सोफ्यावर तोंडाला पदर लावून बसलेल्या.